कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, आता गोळी बंद करू का?

म्हादई (साखळी)

नमस्कार मंडळी.

साखळीत माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरवर एक वाक्य सारखं कानावर पडतं, म्हणून हा धागा काढतेय. “रिपोर्ट नॉर्मल आला गो बाय, आता ही गोळी नको.” ‘ही’ म्हणजे ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन, कोलेस्टेरॉलची. प्रेशरची गोळी लोक सहसा चुकवत नाहीत, साखरेची तर नाहीच. कोलेस्टेरॉलची मात्र सगळ्यांत आधी सुटते. कारणही उघड आहे. कोलेस्टेरॉल वाढलं तरी अंगाला काही कळत नाही, गोळी घेतली तरी नाही आणि सोडली तरी नाही.

पण रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळी चालू होती म्हणून! आपल्या शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, यकृत आणि बाकीच्या पेशी ते स्वतःच तयार करतात. स्टॅटिन (या दोन्ही गोळ्या त्याच गटातल्या) त्या कामातलं एक एन्झाइम अडवतं. मग यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडतं आणि ते रक्तातलं एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात) ओढून घेतं. गोळी बंद केली की दोन-चार आठवड्यांत आकडा पुन्हा होता तिथे जातो. ज्यांना एकदा अटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसलाय किंवा बायपास झालाय, त्यांच्या बाबतीत तर ही गोळी रिपोर्ट सुधारण्यासाठी नसतेच, पुढचा अटॅक टाळण्यासाठी असते.

तुमच्या घरी काय चालतं ते लिहा. शंका असतील त्याही विचारा. मला माहीत आहे तेवढं सांगेन, बाकी इथे एक-दोन डॉक्टर आहेत.

मांडवीकाठ (पणजी)

आमच्याकडे हेच. बाबांच्या डबीतले सगळे खण रिकामे, रात्रीचा तेवढा भरलेला.

म्हादई

मांडवीकाठ, त्यांची ॲटोर्व्हा किंवा रोसुव्हा असेल तर रात्रीचीच घ्यायला हवी असं नाही. या दोन्ही शरीरात बराच वेळ टिकतात. सकाळच्या प्रेशरच्या गोळीबरोबर दिल्या तरी चालतात, डॉक्टरांना एकदा विचारून बदल करा. रात्रीचा नियम सिमव्हास्टॅटिनसाठी होता, तो सगळ्यांना चिकटला.

सुरंगी (फोंडा)

आमची अडचण वेगळीच आहे. मिस्टरांचं टोटल कोलेस्टेरॉल १७८ आलं. लॅबच्या कागदावर २०० पर्यंत नॉर्मल छापलंय, तरी डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. हे म्हणतात, नॉर्मल माणसाला औषध कशाला? वय ५२, साखर आहे पाच-सहा वर्षांपासून. एचडीएल (ते चांगलं कोलेस्टेरॉल) ३२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०, एलडीएल ९८. मलाही कळेना काय करावं.

डॉक्टर_तिसवाडी

सुरंगी वहिनी, कागदाच्या उजव्या कडेला छापलेला नॉर्मलचा आकडा सगळ्यांना एकच असतो. पंचविशीतल्या मुलीलाही तोच आणि मधुमेह असलेल्या ५२ वर्षांच्या माणसालाही तोच. म्हणून फक्त तो बघून ठरवता येत नाही.

आता तुमचेच आकडे घेऊ. टोटल १७८ मधून एचडीएल ३२ वजा करा, उरतात १४६. याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू शकणारे सगळे कण यात आले. कमी धोका असलेल्या माणसाचाही हा आकडा १३० च्या खाली हवा आणि मधुमेह असेल तर १०० च्या खाली. म्हणजे ‘१७८ नॉर्मल’च्या आड १४६ बसलेत.

दुसरं, तुमच्या रिपोर्टमधलं एलडीएल ९८ बहुधा मोजलेलं नाही, हिशोबाने काढलंय. ट्रायग्लिसराइडला ५ ने भागायचं (४८ आले), ते आणि एचडीएल टोटलमधून वजा करायचं. करून बघा, बरोबर ९८ येतील. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र चालतच नाही. त्याच्या अलीकडेही ट्रायग्लिसराइड चढं असलं की एलडीएल आहे त्याहून कमी दिसू शकतं.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये आपल्या लोकांसाठी मार्गदर्शक आकडे दिले. धोका कमी असेल तर एलडीएल १०० च्या खाली, जास्त असेल (मधुमेह यात येतो) तर ७० च्या खाली, आणि अटॅक येऊन गेलेल्यांसारख्या फार जास्त धोका असलेल्यांसाठी ५५ च्या खाली. तुमच्या मिस्टरांना गोळी दिली ती अगदी योग्य दिली.

हे मी थोडं कळकळीने लिहितोय. आयसीएमआर-इंडियाबची देशभराची पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सर्वांत जास्त निघालं, २६.४ टक्के. चार मोठ्या माणसांत एकाहून जास्त. चाळिशीच्या पुढच्या मधुमेहींना एलडीएल फारसं नसलं तरी स्टॅटिनचा फायदा होतो, हे अनेक मोठ्या अभ्यासांत दिसलंय. ही दोन वाक्यं एकत्र वाचली की आपल्याकडे किती घरांत ही गोळी असायला हवी याचा अंदाज येईल.

तांबडी_माती (पेडणे)

तंबाखूत मात्र आपण देशात सर्वांत खाली, २०१६-१७ च्या पाहणीत ९.७ टक्के. मग साखरेत एवढे वर का?

मांडवीकाठ

दोन वेळा शीत (भात), दिवसभर खुर्ची आणि नाक्यावरच्या पदेराकडे पाव आणायला जायचं तरी स्कूटर. मला तरी हे आसपास रोज दिसतं.

कुळागर (प्रियोळ)

डॉक्टर, म्हादईताई, माझा प्रश्न नारळाचा आहे आणि तो माझ्यासाठी साधा नाही. आमचं कुळागर (माडा-पोफळींची बाग) आहे. घरचे नारळ, घाण्यावरून काढून आणलेलं खोबरेल, हुमणाला (माशाच्या आमटीला) आणि तोंडाकाला (कडधान्याच्या रश्श्याला) रोज वाटप. माझे आजे याच खोबरेलावर नव्वदीपर्यंत चालते-फिरते होते. मला मात्र ५८ व्या वर्षी एलडीएल १६२ निघालं आणि डॉक्टर म्हणाले नारळ बंद. तेलाच्या बाटलीवर तर कोलेस्टेरॉल शून्य असं छापलेलं असतं. गोंयच्या घरात नारळ बंद करायचा म्हणजे स्वयंपाकच बंद करायचा.

डॉक्टर_तिसवाडी

कुळागर काका, नारळ बंद करू नका. किती आणि कसा ते बघूया.

बाटलीवरचं खरंच आहे. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांतच असतं, झाडापासून काढलेल्या तेलात ते नसल्यासारखंच. प्रश्न संपृक्त चरबीचा आहे. ती जास्त झाली की यकृत रक्तातलं एलडीएल उचलायचं कमी करतं. खोबरेलात ही चरबी ८० टक्क्यांच्या वर असते, तुपापेक्षाही जास्त. शेंगदाणा, सूर्यफूल, मोहरी, तांदळाच्या कोंड्याचं तेल यांच्याशी तुलना केलेल्या अभ्यासांत खोबरेलाने एलडीएल वाढतं असंच दिसलंय. एचडीएलही थोडं वाढतं, पण त्याने हृदयाचं रक्षण होतं असं सिद्ध झालेलं नाही. तेव्हा रोजच्या फोडणीचं आणि तळणाचं तेल तेवढं बदला. खोबरेल चवीपुरतं एखाद्या पदार्थाला वरून.

ओल्या खोबऱ्याचं गणित थोडं वेगळं आहे. १०० ग्रॅम खोबऱ्यात साधारण ३३ ग्रॅम चरबी असते आणि तीही बहुतेक संपृक्त, पण त्याबरोबर ९ ग्रॅम तंतू असतात. वाटप हुमणात घातलं की हे सगळं पोटात जातं. रस पिळून घेतला की चोथ्याबरोबर तंतू बाहेर आणि चरबी मात्र वाटीत. म्हणून पातळ वाटपाचं हुमण आणि वाटीवाटीने प्यायलेला दाट रस मी एका पारड्यात घालत नाही.

आज्यांचं म्हणाल तर ते खोबरेल खात होते तसे पहाटेपासून बागेत राबतही होते. पाट वळवणं, माडांना आळी करणं, डोंगरावरून सरपण. बिस्किटं नव्हती, फरसाण नव्हतं, साखर सणावारी. आणि त्यांच्या पिढीत जे पन्नाशीत गेले त्यांची उदाहरणं आपण देत नाही, कारण ते आपल्याला भेटलेच नाहीत.

१६२ हा आकडा मात्र निव्वळ खाण्यातून ७० वर येत नाही. जेवण मनापासून बदललं तर एलडीएल १० ते १५ टक्के उतरतं, कुणाचं थोडं जास्त. तुम्हाला मधुमेह, प्रेशर, घरात कुणाला लवकर अटॅक, असं काही आहे का? त्यावर गोळीचं ठरेल.

सुरंगी

कुळागर काका, मी आमच्याकडे काय केलं ते सांगते. चार माणसांच्या हुमणाला अर्धा नारळ घालत होते, तो पावावर आणला आणि वाटपात थोडा कांदा, धणे वाढवले. पहिले काही दिवस घरात कुरकुर झाली, आता कुणी बोलत नाही. आठवड्यातून दोनदा आंबट-तीख करते, त्याला नारळच लागत नाही. रोजची सोलकढी रसाऐवजी फुटी कढी करते. सोलां, मीठ, मिरची, हिंग, लसूण, कोथिंबीर. जेवणाला तीच गोडी.

आणि एक विचारायचं होतं. श्रावणात आमच्याकडे नुस्तं (मासळी) पूर्ण बंद. मला वाटलं, चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल छान उतरलेलं असेल. उलट ट्रायग्लिसराइड वाढलं!

म्हादई

सुरंगीताई, श्रावणात आपण सोडतो काय आणि धरतो काय ते बघा. सुटतात बांगडे आणि तारले, म्हणजे ताटातली सर्वांत चांगली चरबी. त्या जागी येतं तोंडाक, खतखतें, रसातलं मणगणें, भजी, वडे आणि चवथीला डबे भरून नेवऱ्या. गूळ, साखर, मैदा, तळण आणि नारळ. ट्रायग्लिसराइड वाढणारच.

श्रावण पाळायचा असेल तर आळसांदे, चणे, मूग, चवळी भरपूर घ्या, नारळ हलका ठेवा. कडधान्यं, भेंडी, ओट्स, इसबगोल यांतला विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्लं धरून ठेवतो, ती बाहेर पडली की यकृत नवी करण्यासाठी रक्तातलंच कोलेस्टेरॉल वापरतं. एवढ्यानेही एलडीएल ५ ते १० टक्के उतरतं.

रापणकार (काणकोण)

मासळीचं नीट सांगा कोणीतरी. आमच्याकडे रोज असते. भावाला डॉक्टरांनी सुंगटां (कोळंबी) बंद सांगितली. बांगडो, तारलो चालतो?

म्हादई

रापणकार दादा, बांगडे आणि तारले चालतात नव्हे, खावेतच. त्यांत ओमेगा-३ भरपूर असतं, ते ट्रायग्लिसराइड उतरवायला मदत करतं. आठवड्यातून दोनदा तरी खावेत असं जगभर सांगतात, तुमच्याकडे तर ताजे मिळतात. यासाठी महागडा सामन नको.

सुंगटांत कोलेस्टेरॉल खरंच बरंच असतं, १०० ग्रॅमला १५० ते २०० मिलिग्रॅम. पण संपृक्त चरबी नगण्य असते, आणि बहुतेकांच्या रक्तातलं एलडीएल ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा त्या चरबीने जास्त वाढतं. म्हणून अधूनमधून हुमणात घातलेली सुंगटां बहुतेकांना चालतात. रवा लावून तेलात बुडवून तळली की हिशोब बदलतो. भावाला मधुमेह असेल किंवा एलडीएल खूपच जास्त असेल तर डॉक्टरांनी काही विचार करून सांगितलं असेल, त्यांनाच विचारा.

सुक्या मासळीवर मात्र मला जरा जास्त बोलायचंय. किसमूर, सुके बांगडे, खारें, वर मिस्कुटाची (कैरीच्या लोणच्याची) फोड आणि पापड. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे एक सपाट चमचा, ते सगळं या एका जेवणात संपतं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा हे रोज चालतं आणि प्रेशर वाढतं. वाढलेल्या प्रेशरने रक्तवाहिनीचं अस्तर बिघडतं आणि तिथूनच एलडीएल भिंतीत शिरतं. कोलेस्टेरॉल आणि प्रेशर ही दोन वेगळी दुखणी म्हणून बघू नका.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूल माझ्याकडे विकायला असतात, तरी सांगते. दुकानात मिळणाऱ्या साध्या कॅप्सूलने अटॅक टळतो असा भरवशाचा पुरावा नाही. ते पैसे बांगड्यांवर घाला.

मांडवीकाठ

आणि फेणी, हुर्राक? मार्च ते मे सगळे पितात. थोडी घेतली तर हृदयाला बरी म्हणतात.

डॉक्टर_तिसवाडी

दारूने ट्रायग्लिसराइड आणि प्रेशर दोन्ही वाढतात. हृदयासाठी म्हणून कुणीही सुरू करू नये. हुर्राकच्या दिवसांत ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलेले रुग्ण मी पाहिलेत. तिथून पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याचाही धोका असतो, आणि ते फार वाईट दुखणं आहे.

तांबडी_माती

मला एक स्पष्ट विचारायचंय. व्हॉट्सॲपवर, यूट्यूबवर सगळीकडे येतं की कोलेस्टेरॉल हा कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे, स्टॅटिनने स्नायू झिजतात, साखर वाढते. माझ्या भावाने गोळी सुरू केली आणि महिन्याभरात पोटऱ्या दुखायला लागल्या. तो आता हात लावायला तयार नाही. मी त्याला काय सांगू?

म्हादई

चांगला प्रश्न विचारलात. सविस्तरच लिहिते.

कंपन्यांना यात पैसा मिळाला हे खरंच आहे. पण कोलेस्टेरॉलचा आणि हृदयाचा संबंध कंपन्यांच्या आधीचा. काही मुलांना दोन्ही पालकांकडून एलडीएल उचलण्याच्या यंत्रणेतला दोष येतो. त्यांचं एलडीएल जन्मापासून ५०० च्या आसपास असतं, आणि उपचार नसतील तर शाळेच्या वयात हृदयविकार होऊ शकतो. ना सिगारेट, ना मधुमेह, ना ताण, फक्त एलडीएल. याच मुलांच्या पेशींवर काम करून ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी एलडीएल रिसेप्टर शोधला, १९८५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. याच्या उलट, काही लोकांचं एलडीएल जन्मतःच खूप कमी असतं. त्यांच्यात हृदयविकारही खूप कमी दिसतो. बागुलबुवा असता तर निसर्गाने दोन्ही बाजूंनी साक्ष दिली नसती.

स्टॅटिन प्रथम सापडलं ते जपानच्या अकिरा एंडो यांना, १९७० च्या दशकात, एका पेनिसिलियम बुरशीत. १९८७ मध्ये पहिली गोळी बाजारात आली. ती खरंच जीव वाचवते का, याचं ठळक उत्तर १९९४ मध्ये मिळालं. उत्तर युरोपातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवर पाच वर्षांहून जास्त काळ अभ्यास झाला, गोळी घेणाऱ्यांतले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. नंतरच्या अनेक चाचण्या एकत्र करून दिसलं की एलडीएल सुमारे ३९ ने उतरवलं की अटॅक, पक्षाघात वगैरेंचा धोका पाचव्या हिश्श्याने कमी होतो. आज या गोळ्यांची पेटंटं संपलीत. जनऔषधी केंद्रातही त्या स्वस्त मिळतात.

आता भावाच्या पोटऱ्या. स्टॅटिनने काही जणांचे स्नायू खरंच दुखतात. पण लंडनमध्ये एक सुंदर प्रयोग झाला, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब दिसणारी खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं दिलं. स्टॅटिनवर जो त्रास नोंदला गेला त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला. त्यांचं दुखणं खोटं होतं असा याचा अर्थ मुळीच नाही. दुखत होतंच, पण बहुतेक वेळा कारण औषधातलं रसायन नव्हतं. म्हणून भावाने डॉक्टरांकडे जावं. रक्तातलं सीके (स्नायूंना इजा झाली की ते वाढतं) तपासतात, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व बघतात, कारण थायरॉइड मंद असेल तर स्नायूही दुखतात आणि कोलेस्टेरॉलही वाढतं. मग डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं वेगळं औषध जोडता येतं. लघवी चहासारखी काळसर झाली आणि अंग खूप दुखलं तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

साखर थोडी वाढते, हेही खरं. आधीच काठावर असलेल्यांना मधुमेह थोडा लवकर लागू शकतो. अटॅक टळण्याचा फायदा त्याहून बराच मोठा आहे. गरोदरपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, तेव्हा ही गोळी सहसा थांबवतात.

एक गोष्ट दुकानदार म्हणून सांगायलाच हवी. पावसाळ्यात आपल्याकडे नायटे घरोघरी येतात आणि लोक इट्राकोनॅझोल मागायला येतात. ते आणि सिमव्हास्टॅटिन किंवा ॲटोर्व्हास्टॅटिन एकत्र घेतलं तर स्टॅटिन रक्तात साठतं आणि स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. क्लॅरिथ्रोमायसिन या ॲन्टिबायोटिकचंही तसंच. नायट्याचं औषध असो नाही तर घशाचं, डॉक्टरांना आणि दुकानात “मी कोलेस्टेरॉलची गोळी घेतो” हे सांगा. भावाला विचारा, पोटऱ्या दुखायला लागल्या तेव्हा असं काही चालू होतं का?

तांबडी_माती

विचारलं. मांडीला नायटा होता, ओळखीच्याकडून आणलेल्या कॅप्सूल घेत होता. पाकीट टाकून दिलंय, नाव आठवत नाही. उद्या त्याला डॉक्टरांकडे नेतो. आभार ताई.

आबोली (माशेल)

माझ्या आईचं वय ६४, मधुमेह आहे. दोन आठवडे झाले, देवळाच्या पायऱ्या चढताना जबड्यात आणि मानेत ओढल्यासारखं होतं, दम लागतो, थांबली की पाच मिनिटांत जातं. ती म्हणते पित्त आहे. ओवा खाते, सोलाची कढी पिते. छातीत दुखत नाही म्हणून मीही गप्प होते, पण वरचं सगळं वाचून बेचैन झाले. गॅस आणि हृदय, घरी कसं ओळखायचं?

डॉक्टर_तिसवाडी

आबोली, घरी ओळखायचं नाही. उद्या सकाळी आईला घेऊन दवाखान्यात जा, तोपर्यंत चढण, ओझं काही नको. आणि आज रात्री बसल्याजागी किंवा झोपेत असं झालं, दहा मिनिटांत गेलं नाही, घाम फुटला, तर १०८ लावा, सकाळची वाट बघू नका.

चढताना येणं आणि थांबल्यावर जाणं, ही हृदयाला रक्त कमी पडत असल्याची जुनी, ओळखीची खूण आहे. पित्ताला पायऱ्या कळत नाहीत. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत कळ येईलच असं नाही. जबडा, पाठ, खांदा, दम, मळमळ, विलक्षण थकवा, यांतलं काहीही असू शकतं.

सगळ्यांसाठीच लिहितो. अटॅकची शंका आली की रुग्णाला स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. १०८ बोलवा. आपल्याकडे ‘स्टेमी गोवा’ प्रकल्प आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या सरकारी केंद्रांत ईसीजी काढून तो बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) हृदयरोग विभागाकडे पाठवतात, आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देतात. म्हणजे काणकोणहून किंवा वाळपईहून बांबोळी गाठेपर्यंतचा वेळ वाया जात नाही. जितका उशीर तितका स्नायू मरतो. पहिला ईसीजी ठीक आला म्हणूनही लगेच घरी निघू नका, थोड्या वेळाने तो पुन्हा काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते वाढतं) बघतात.

आणि चवथ, जत्रा, घरात कार्य असताना दुखणं लपवणारी माणसं मी फार पाहिली. विशेषतः घरातल्या बायका. माटोळी बांधून होऊ दे, पाहुणे जाऊ देत, मग बघू. त्यांना आपण विचारायला हवं, त्या आपणहून सांगत नाहीत.

कुळागर

खरं आहे. आमच्या घरातही असंच चालतं.

डॉक्टर, तुम्ही विचारलं होतं. प्रेशर आहे, मधुमेह नाही. थोरला भाऊ ५१ व्या वर्षी अटॅकने गेला. हे आमच्या डॉक्टरांना मी कधी सांगितलेलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

डॉक्टर_तिसवाडी

मग काका, ते याच आठवड्यात जाऊन सांगा. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत अटॅक आला असेल तर धोका वाढतो. प्रेशर, भावाची गोष्ट आणि १६२, तिन्ही मिळून तुम्हाला गोळी लागेल असं मला वाटतं. नारळ सुरंगी वहिनींच्या हिशोबाने चालू द्या.

सुरंगी

चालण्याचं कुणी बोललं नाही. पावसात कुठे चालायचं? चार महिने बुडतात.

रापणकार

आमच्याकडे देवळाच्या सभामंडपात चालतात, संध्याकाळी आरतीआधी. आधी दोघं-तिघं होती, आता बरीच येतात.

डॉक्टर_तिसवाडी

उत्तम. आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं पुरे, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. एलडीएल यानं फार उतरत नाही, ट्रायग्लिसराइड, साखर, प्रेशर आणि पोट उतरतं. तुमच्या मिस्टरांना नेमकं तेच हवंय.

आबोली

आईला नेलं. ईसीजीत बदल आहेत म्हणाले, टूडी इको झाला, अँजिओग्राफी परवा आहे. ॲस्पिरिन, स्टॅटिन आणि आणखी दोन गोळ्या सुरू केल्यात. आई शांत आहे, मीच घाबरलेय. ही ॲस्पिरिन माझे बाबाही घेऊ लागलेत, “आपल्यालाही बरी” म्हणून. त्यांना काहीच आजार नाही.

म्हादई

आबोली, वेळेत गेलात, आता आईचे उपचार नीट होतील. बाबांची ॲस्पिरिन आजच थांबवा. अटॅक न आलेल्या माणसाने आपल्या मनाने रोज ॲस्पिरिन घेतली तर पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका फायद्याहून जास्त ठरू शकतो. आईची मात्र एक दिवसही चुकवू नका, आणि स्टेंट बसला तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दंतवैद्याने सांगितलं तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायच्या नाहीत.

झुआरी (वास्को)

बरेच दिवस फक्त वाचत होतो. वय ३६. बाबा ४८ व्या वर्षी गेले, मी तेव्हा शाळेत होतो. माझं एलडीएल १२४, साखर नाही, प्रेशर नाही, सिगारेट नाही. सगळे म्हणतात तुला काय झालंय? पण मला दोन लहान मुलं आहेत आणि बाबांचं वय जवळ येतंय.

डॉक्टर_तिसवाडी

झुआरी, तुमची काळजी रास्त आहे. इंटरहार्ट या ५२ देशांच्या अभ्यासात दिसलं होतं की दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला अटॅक बाकीच्यांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. त्याच अभ्यासात हेही दिसलं की जवळपास ९० टक्के धोका नऊ गोष्टींत सामावलाय आणि त्या बहुतेक आपल्या हातातल्या आहेत. तंबाखू, चरबी, प्रेशर, मधुमेह, पोट, ताण, फळं-भाज्यांचा अभाव, हालचाल, दारू.

तुम्ही एक तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातला एलडीएलसारखाच एक कण. ही पातळी जवळजवळ पूर्ण आनुवंशिक असते, खाण्याने किंवा व्यायामाने हलत नाही, आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये येत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर निघाली तर एलडीएल आणखी खाली ठेवायचं, हा आज हातात असलेला उपाय. तुमच्या वयाला गोळीची घाई नाही, पण हा आकडा हातात असला की डॉक्टरांना ठरवता येईल. उपाशी पोटी जायची गरज नाही. लिपिड प्रोफाइलसाठीही आता बहुतेकांना नसते, ट्रायग्लिसराइड खूप वाढलेलं निघालं तरच पुन्हा उपाशी करतात.

वडिलांचे जुने कागद आहेत का?

झुआरी

आईकडे ट्रंकेत एक फाईल आहे, शोधतो. धाकटा भाऊ बोटीवर असतो, ऑगस्टमध्ये सुट्टीवर येतोय. त्याचीही करून घेऊ ना?

डॉक्टर_तिसवाडी

हो, त्याचीही. फाईलमध्ये औषधं सुरू होण्याआधीचं लिपिड सापडलं तर एलडीएल बघा. १९० किंवा त्याहून जास्त असेल तर एलडीएल जन्मापासून वाढवणारा जनुकीय दोष, एकाच पालकाकडून आलेला, असू शकतो. साधारण २५० माणसांत एकाला असतो, आणि मुलांना येण्याची शक्यता निम्मी. तुमचं १२४ आहे, त्यामुळे तुम्हाला तो नसावा, भावाला मात्र असू शकतो. आकडा सापडला की इथे लिहा.